जुन्या ताईनं घासलेलं ताट

भंडारा, रविवार संध्याकाळ

होस्टेलात आठवडाभर आम्ही नव्या पोरी सीनिअर मुलींची ताटं घासतोय, तीही मान खाली घालून. इथून शिकून गेलेल्या जुन्या ताई आज येणार म्हटल्यावर वाटलं, आता त्यांचीही ताटं आपल्यालाच घासावी लागणार. उद्या सकाळी घरी, सानगडीला पळायचं म्हणून पिशवीही भरून ठेवली.

जेवण झालं नि पिकल्या केसांची एक ताई सरळ माझ्यापाशी आली. "आन वं तुहं ताट." माझं उष्टं ताट! नळावर बसून तिनं स्वतः घासलं. सीनिअर धावल्या, तर म्हणाली, "आमच्या टायमाले जुन्या पोरी नव्या पोरीचं ताट घासत. तुमी उलटं काहून करून राहिल्या?"

एवढी मोठी बाई, आणि माझं उष्टं ताट...

पिशवी भरलेलीच आहे. माझं ताट मात्र पिशवीत टाकलं नाही. उद्या इथंच जेवीन.