भोंग्यानंतरचा चहा

चिखली
९ डिसेंबर २०२४

प्रिय सलीमा,

तुला सलाम, अलफियाला आशीर्वाद. तिची बारावी कशी चालली आहे?

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी ‘सगळं छान’ म्हणून विषय बदलला. हे शेजारीच बसले होते. म्हणून हे पत्र.

इथे थंडी पडली आहे. तुरीला शेंगा धरल्या आहेत. हे निवृत्त होऊन आम्ही खाणीवरून आल्यावर पहिले काही दिवस मी चादरी घरातच दोरी बांधून वाळवत होते. शेवटी शेजारच्या गोजरबाईंनी विचारलं, “काऊन व बाई, एवढं ऊन पडून राह्यलं अन् तू घरात वाळू घालतं?” लोहखनिजाची लाल धूळ इथे उडत नाही, हे हाताला कळायला वेळ लागला.

सुरुंगाचा भोंगा मात्र अजून कानात आहे. दुपारी तो झाला की आपण मांडणीवरच्या काचेच्या बरण्या खाली उतरवायचो, गॅस बंद करायचो आणि ओट्यावर येऊन उभ्या राहायचो. डोंगर हादरायचा, तावदानं थरथरायची, मग दुसरा भोंगा. लगेच घरात कोण जायचं? तुझ्या ओट्यावर चहा व्हायचा. आपलं वऱ्हाडी ऐकून छत्तीसगडच्या बायका हसायच्या. तू खामगावची, मी चिखलीची. इथेच राहिलो असतो तर आपली ओळख तरी झाली असती का?

आता तो डोंगर संपला. कंपनी कलीमभाऊंना विचारते आहे, ओडिशाच्या नव्या खाणीवर जाता की निवृत्ती घेता. महिनाअखेर कळवायचं आहे. यांनी तर त्यांना सांगूनच टाकलं, “ये बे गावाकडे, लय मजा आहे.”

ही मजा काय ते ऐक. बायपासच्या कामावर पोकलेन चालू आहे. हे रोज डबा घेऊन बाहेर पडायचे, मला वाटायचं कुणी मित्र मिळाला. गेल्या आठवड्यात बाजारातून येताना पाहिलं, तर हे मशीनजवळ उभे. ऑपरेटरला म्हणत होते, “मले एक डाव बसू दे.” खाणीतलं सगळ्यात मोठं शॉवेल चालवलेला माणूस, सलीमा. त्या ऑपरेटरने मशीन थांबवलं आणि नीटच सांगितलं, “काका, बाजूले व्हा. लागन तुमाले.” हे बाजूला झाले.

घरी येऊन एवढंच म्हणाले, “कलीमले सांगू नको.”

मी सांगते आहे. कलीमभाऊंची नोकरीची वर्षं अजून बाकी आहेत. त्यांना इतक्यात डंपरवरून उतरू देऊ नकोस. नव्या खाणीवर जा. हे पत्र त्यांना वाचून दाखव. यांचा राग मी सोसेन.

एक राहिलं. आमच्या भिंतीला लागून गोजरबाईंच्या दोन खोल्या दिवाळीपासून रिकाम्या आहेत. मीच त्या तुमच्यासाठी थांबवून ठेवल्या होत्या. तुझी शिलाई मशीन कुठल्या खिडकीशी बसेल, तेही बघून ठेवलं होतं. काल त्यांना म्हटलं, दुसरं कोणी येत असेल तर देऊन टाका.

“येत नाही का तुही मैत्रीण?”

“नाही. मीच नको म्हटलं.”

 

तुला ‘ये’ न म्हणणारी, तुझीच
पुष्पांजली