रॉकेलवरची होडी

२ जून
होडी घेतली. धरणाच्या फुगवट्यावर एक रिसॉर्ट बंद पडलंय, त्याच्या मागे उलटी पडली होती. फायबरची, सहा माणसांची. खाली कुत्रीने पिल्लं घातलेली.
मालक भामरे. सगळ्या बोटांत अंगठ्या. "सर, मोटार म्हणजे हत्ती आहे हत्ती." मोटार जुनी, रॉकेलवर चालणारी. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली, हेही त्याने अभिमानाने सांगितलं.
चालवून बघितली नाही. पाण्यात उतरवायला आज माणसं नाहीत म्हणाला. मी मान डोलावली. उभं आयुष्य कॉलेजात मुलांना शिकवलं की लिहिलेल्या शब्दावरही चटकन विश्वास ठेवू नका.

३ जून
बायकोने विचारलं, "पोहता येतं का तुम्हाला?" एवढंच. पुन्हा पोळ्या लाटायला लागली.
कारण लिहून ठेवतो, निदान मला तरी पटेल. ताईचं घर पाण्यापलीकडे, पाड्यावर. तिच्या पल्लवीला आठवा लागला. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. दवाखाना अलीकडे, घोटीला. पाऊस वाढला की ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली जातो, रस्ता संपतो. मग उरतं धरणाचं पाणी. मच्छीवाल्यांकडे वल्ह्याची होडी आहे. वारा असला की ते ती काढत नाहीत.
एप्रिलपासून सांगतोय, नाशिकला आण, एक खोली रिकामीच आहे.
ताई: "पयलं बाळंतपण मामाच्या फ्लॅटात? नांदगाववाले काय म्हणतील?"
नांदगाववाले म्हणजे पल्लवीचं सासर. ते काय म्हणतील हे ताईला पक्कं ठाऊक असतं. त्यांना नसतं.

८ जून
रॉकेल मिळत नाही. रेशनवर बंद झालं, ते बाजारातूनही गेलं. तीन दुकानं. तिसऱ्याने आतून एक कॅन आणला. लेबल नाही. मी कुणाला जाळायला निघालोय अशा नजरेने बघत पैसे घेतले.
गाडीत वास. हाताला वास. जेवताना भाताला वास.

११ जून
मोटार सुरू झाली नाही. दोरी ओढून खांदा गेला.
पिंपळगावहून बाळू मिस्त्री आणला. द्राक्षबागांचे फवारणी पंप दुरुस्त करतो. मोटारीकडे बघून खूश. "आपल्या पंपाचीच मोठी बहीण हाय सर ही." मग शिकवलं: सुरू करायची पेट्रोलवर, तापली की कळ फिरवून रॉकेलवर घ्यायची. बंद करण्याआधी परत पेट्रोलवर. नाहीतर आत रॉकेल राहतं आणि बया पुन्हा उठत नाही.
काळा धूर सोडून सुरू झाली. पाण्यावर तेलाचा तवंग. त्यात एक मेलेला मासा, तो आधीचाच असेल.

१५ जून
पलीकडे पोचलो. पहिल्यांदाच. सगळा पाडा काठावर. ताईने मोटारीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पाणी नेमकं प्लगवर.
बायका कानावर हात ठेवून ओरडत होत्या, बंद करा ते आधी. मी बंद केली. रॉकेलवरच.
परत निघताना उठली नाही. दाजी बिडी ओढत बघत होते. म्हणाले, "मेव्हणे, तुमच्या कॉलेजात घाला तिला. तिथं कोनी नापास होत नाय."
लोक हसले. पल्लवीही पोट धरून हसली. जीपने, लांबच्या रस्त्याने घरी. होडी दुसऱ्या दिवशी मच्छीवाल्यांनी वल्हवत आणून द्यायची ठरली.
ताई मात्र खूश. "आली की नाय इथवर? मग झालं."

२१ जून
पल्लवीला घेऊन घोटीला तपासणी. रस्ता अजून चालू आहे. बीपी वाढलंय. डॉक्टर बाई स्पष्ट बोलल्या: नववा लागला की दवाखान्याजवळ राहा, अडचण आली तर वेळ मिळणार नाही.
ताई त्यांच्या टेबलावर हात ठेवून म्हणाली, "डागदरीनबाई, घरची मोटारहोडी हाय आता आमची."
बाईंनी माझ्याकडे बघितलं. "बरी आहे का होडी?"
मी म्हणालो, दुरुस्ती चालू आहे.
शिसारी आली. होडीची नाही.

२४ जून
पल्लवीचा फोन. हळू बोलत होती, आई अंगणात असावी.
"मामा, रागावू नका. तुम्ही होडी घेतली नसती तर आईने मला धाडलं असतं नाशिकला. दादा तिला सारखं सांगतच होते. ती ऐकायच्या बेतात होती. मग तुमची होडी आली."
दादा म्हणजे तिचे वडील, आमचे दाजी. ते मला कधी बोलले नाहीत हे.
"तुला भीती वाटते का?"
"रातीला वाटते. दिवसा कामं असतात."
सोय म्हणून घेतली. ती सोय नव्हे, ताईच्या हातात दिलेली सबब आहे. आणि मी तिला रोज तेलपाणी करतोय.

२५ जून
ताईला फोन. होडीवर विसंबू नको, आजच चल.
"एवढी घेतलीस ती काय शोभेला? मिस्त्रीला कान धरून आन."
सांगितलं, नववा लागतोय. सांगितलं, बीपी. ती म्हणाली, माझ्या वेळी कुठे होतं बीपी.

२८ जून
बाळूने फवारणी पंपाचा एक पार्ट कानशीने घासून मोटारीत बसवला. "आता बघा." मधोमध गेल्यावर बंद. वारा. होडी आपोआप धरणाच्या भिंतीच्या दिशेने सरकायला लागली. बाळू देवाचं नाव घेत दोरी ओढतोय, मी तांब्याने पाणी उपसतोय. बूड झिरपतं हेही आज कळलं.
मच्छीवाले आले, दोर बांधून ओढत नेलं. त्यातला म्हातारा म्हणाला, "मास्तर, हिला इकू नका. दुसऱ्याचं पाप लागंल."
हीच होडी, आत पल्लवी, कळा चालू. एवढं चित्र पुरे आहे. ताईला सांगितलं तर म्हणते, तेव्हा देव सुबुद्धी देईल मोटारीला.

२ जुलै
एकटाच गेलो. वरच्या अंगाला इगतपुरीकडे काळं झालेलं. पाऊस बारीक, पलीकडचा काठ दिसत नव्हता.
सवयीने दोरी ओढली. एका झटक्यात सुरू. ना धूर, ना खोकला. रॉकेलवर घेतली, तरी चालू. एक लांब फेरी मारून आलो. शिवणयंत्रासारखी चालली. इतका संताप मला ती बंद पडल्यावरही आला नव्हता.
आज चालली. उद्या चालेल? भामरे म्हणेल हत्ती. बाळू म्हणेल बघा. ताई म्हणेल मग झालं.
पेट्रोलवर आणून नीट बंद केली. बोल्ट सोडले. मोटार उचलून डिकीत टाकली, शर्ट काळा झाला. मच्छीवाल्यांना हाक मारून होडी उलटी करून ठेवली.
घोटीच्या अलीकडे ताईचा फोन.
"आवाज आला रं. सुरू झाली ना?"
"नाही. संपली ती. काढून आणली."
"मग आवाज कसला?"
"पॉवर टिलर असेल. भाताची चिखलणी चाललीय सगळीकडे."
"टिलरचा आवाज मला कळत नाय व्हय?"
मी म्हणालो, फरशीवरून पाणी जायच्या आत निघा. मी पुलाच्या अलीकडे गाडी घेऊन थांबतो, सांगशील तेव्हा.
"यांना इचारते," म्हणाली. आयुष्यात तिने दाजींना काही विचारलेलं नाही.
मोटार बाल्कनीत आहे. खाली पेपर घातलेत, ते काळे होतायत. बायकोने येऊन बघितलं. पल्लवीसाठीच्या खोलीतली चादर बदलून आली.
संध्याकाळी पल्लवीचा मेसेज: फरशीवर घोट्याएवढं पाणी. आई बॅग घेऊन बसलीये. भरतेय की रिकामी करतेय, कळत नाही.