सहाव्या चित्राचा खिळा

पुणतांबा, चैत्र शुद्ध चतुर्थी, संध्याकाळ

उद्या माझ्या बायकोचं, नीलिमाचं वर्षश्राद्ध. माझी थोरली बहीण आक्का श्रीगोंद्याहून सकाळीच आली, सोबत नीलिमाचा मोठा करून घेतलेला फोटो, चंदनाच्या हारासकट. भिंतीकडे बघून म्हणाली, "खिळा मोकळाच हाय की रं. लाव तिथं."

तो खिळा नीलिमाने स्वतः ठोकलेला. शाळेत चित्रकला शिकवायची ती. युरोपातल्या एका जुन्या चित्रकाराची ऋतुचित्रं तिने छापून, काचेत बसवून ओळीने लावली. बर्फातले शिकारी, गवत कापणाऱ्या बाया, झाडाखाली हातपाय पसरून झोपलेला कापणीवाला. मूळची सहा म्हणे, उरली पाच. वसंताचं हरवलं. मी चिडवायचो, "आमच्या संस्कृत कवींकडे वसंत उतू जातो, आणि तुझ्या मंडळींनी नेमका तोच हरवला!" ती म्हणायची, "सापडेल कधीतरी. जागा असू दे."

आक्काला हे कसं सांगू? फोटो लावला की खिळा भरला. मग वाट बघायची नाही. कुणाची? चित्राची, असं म्हणू या.

शेवटी म्हणालो, "आक्का, तो खिळा ढिला आहे."

तिने अंगठ्याने दाबून पाहिला. "कुटं ढिला? चांगला घट्ट हाय." मग माझ्याकडे बघितलं, आणि फोटो माझ्या खुर्चीत ठेवून चहा टाकायला गेली.

मी पलंगावर बसून हे लिहितोय. दिवा लावल्यावर खिळ्याची लांब सावली पडली आहे. खुर्चीतून नीलिमा थेट तिकडेच बघते आहे.