डावी खिडकी

२६ एप्रिल, शनि.
"आधी बाजू, मग तिकीट," अण्णा म्हणाले आणि माझ्या हातातला फोन काढून पालथा ठेवला.
रेल्वेने श्टुटगार्ट ते ओबर्स्टडॉर्फ, आल्प्सच्या पायथ्याशी. उल्मला गाडी बदलायची. एक मुक्काम.
अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, साताऱ्याला बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. आल्प्स दर वर्षी फळ्यावर काढले, पाहिले नाहीत. आता उजवा डोळा गेला. डाव्याच्या मध्यभागी काळा डाग. कडेचं तेवढं दिसतं. डाग वाढतो आहे. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. त्यांचं परतीचं विमान १४ मेला.

२७, रवि.
माझा नवरा अ. वडिलांना म्हणाला, दारात कार असताना रेल्वे कशाला?
"कारमध्ये तू रस्ता बघणार आणि मी तुझी मान."
उलटं बसलं की त्यांना मळमळतं. म्हणजे तोंड पुढे, आणि डोळा डावाच उरला म्हणून डोंगर डावीकडे. फोन वेळ सांगतो, फलाट सांगतो. डोंगर कोणत्या खिडकीत ते सांगत नाही. नऊ वर्षं या देशात आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

३०, बुध.
भिंगातूनही नकाशाच्या रेषा त्यांना मध्येच तुटलेल्या दिसतात. आज रद्दी मागितली. लेक मीरा खालच्या कागदाच्या डब्यातून हातभर घेऊन आली. ती अकराची, असल्या कामाला लगेच तयार. कागद भिजवले, मेथी भिजवली. शाळेत दर वर्षी लगद्याचा महाराष्ट्र करायचे म्हणे.
मेथी कशाला?
"चिकटते. कीडही लागत नाही. तुमच्याकडे कीड नसेल, पण चिकटायला हवंच ना."

२ मे, शुक्र.
जिन्यात मेथीचा वास. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, काय शिजतंय? म्हटलं, पर्वत. हसल्या नाहीत.
बाल्कनीत ओव्हनचा ट्रे. मीरा उंची वाचते, अण्णा बोटांनी लगदा चढवतात. हजार मीटरला एक पेर.
"नेबेलहॉर्न?"
"त्स्वायटाउझंड..."
"मराठीत."
"दोन हजार... दोनशे... चोवीस."
चार आधी, वीस नंतर. तिच्या दोन्ही भाषांत. पूर्वी लक्षात आलं नव्हतं.
केम्प्टनपासून पुढचाच भाग ट्रेवर मावला. पर्वत रेल्वेच्या डावीकडे आले. अण्णा खूश. आता तिकीट काढ, म्हणाले. काढलं.

५, सोम.
लगदा वाळला. रेल्वे म्हणजे लाल लोकर. मीराने फोनवरची रेघ बघत टाचण्यांनी लावली. अण्णांनी केम्प्टनपासून बोट फिरवलं. इमेनश्टाटला थांबले. मागे आले, परत गेले.
"मीरा, इथे लोकर दुमडलीय."
"हो. तसंच आहे."
"मग गाडी इथे उलटी फिरते."
वेळापत्रक मी दहा वेळा वाचलं होतं. त्यात फक्त नाव आणि थांबा. डावीकडे बसलेला माणूस तिथून न उठताच गाडीच्या उजवीकडे जाणार, तोंडही उलटं. शेवटची पंचवीस मिनिटं, आणि खरी तीच.
अ. ने कामावरच्या तिकडच्याच एकाला विचारलं. तो म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, त्यात काय?

८, गुरु.
ठरलं. इमेनश्टाट यायच्या आत उठायचं. पलीकडच्या रांगेत जागा नसली तर मीरा मागणार. वाक्य पाठ करते आहे.
"का, असं विचारलं तर?"
"सांग, आजोबांची परीक्षा आहे."
अ. ला शनिवारी शिफ्ट. आम्ही तिघंच.
हवामान: शनिवारी ढग, रविवारचं नक्की नाही. अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ढग किती उंचीवर? असं कोणी विचारतं हेच मला नवीन. मीराने शोधलं. सोळाशे मीटर. त्यांनी ट्रेवर दीड पेर मोजलं, वरचं सगळं तळव्याने झाकलं.
"खालचं उरतं," म्हणाले.

१०, शनि. ओबर्स्टडॉर्फ.
कुत्रा घेऊन बसलेल्या बाईंनी आम्हाला उभं पाहूनच जागा दिली. मीरा रुसली. वाक्य वाया गेलं.
इमेनश्टाटहून गाडी उलटी निघाली. अण्णा खिडकीकडे बघेनात. सरळ समोर बघत बसले, डोंगर डोळ्याच्या कडेला यावा म्हणून. कुत्रेवाल्या बाईंना वाटलं असेल, या माणसाला रस नाही.
मी विचारलं, "अण्णा, काय दिसतंय?"
"पांढरं आहे. ढग का बर्फ, ते सांगू नकोस."

संध्याकाळी पाऊस.

११, रवि.
साडेपाचला जाग. अण्णांच्या खोलीचं दार उघडं. बाहेर लाकडी बाल्कनीत शाल पांघरून बसले होते. खुर्ची आडवी फिरवलेली, तोंड भिंतीकडे, डोंगर डावीकडे. आभाळ मोकळं झालं होतं. त्यांचं बोट गुडघ्यावर, ट्रेवर फिरायचं तसंच, हळूहळू वर जात होतं, थांबत होतं, खाली येत होतं.
मी दोन कप चहा करून बाहेर नेला.