टेक्सासची स्वस्ताई

एडिसन, १२ ऑक्टोबर १९८६

संध्याकाळी डॅलसहून जोशीचा फोन. "अरे, इथे स्टेटचा इन्कम टॅक्सच नाही! न्यू जर्सीत कशाला पिचतोस? आमच्या शेजारचंच पाच बेडरूमचं घर निम्म्या किमतीत मिळतंय. ये!"

बायकोने मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले. पण निम्म्या किमतीत का? आणि सरकार टॅक्स घेत नाही, तर शाळा कशावर चालवतं? विचारलं, तर म्हणाला, "तू प्रसादातही खडे शोधशील!"

शोधणारच. पाच बेडरूम, निम्मी किंमत... टेक्सास सगळं खनिज तेलावर चालतं आणि त्याचे भाव कोसळल्याचं पेपरात रोज वाचतोय, हा मात्र अवाक्षर काढत नाही.

मग त्याच्या बायकोने हिच्याशी बोलायला फोन घेतला. हळूच म्हणाली, "वहिनी, यांना तुमच्याकडे कुठे नोकरी लागेल का हो?"