अंबाजीचा वजीफा

खजुरी
अमरदाद, सन १३४६ फसली

चिरंजीव अंबाजीस राघोबाचा आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल हाईत. तू बी खुशालच असशील, कालेजात बसणाऱ्याला काय धाड भरलीय! मायचा गुडघा धरलाय. तुझी वहिनी रोज एरंडाच्या पाल्यानं शेकायलीय. पेरणी उरकत आली. कागदाच्या कोपऱ्याला निळा डाग पडलाय, त्याला नाक मुरडू नको. घरात दुसरा कागद न्हाई.

तुझं पत्र पोचलं. मायनं नेहमीसारखं मला वट्ट्यावर बसवून मोठ्यानं वाचायला लावलं. ग्यानबा आला, शेजारची चंद्रभागाबाई आली. तुझा निबंध मास्तरांनी वर्गात वाचून दाखवला, हे माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "बघा, माझा अंबू!" म्हणून मायनं डोळे पुसले. वाचून वाचून घसा माझा कोरडा पडला, पण पाणी कुणी इचारलं न्हाई.

गावात आता लोक म्हणतात, "त्यो बघा, अंबाजीचा भाऊ जायलाय." आरं, शाळेत तू राघोबाचा भाऊ व्हतास! माझ्या पाटीवरलं बघून लिहायचास. माझी उर्दू बघून मौलवी मास्तर म्हणायचे, हात असावा तर असा. बाप गेला, मी पाचवीतून उठलो, अन् माझी पाटी तुझ्या दप्तरात गेली. मायला ते आठवत बी न्हाई.

असू दे. कालेजाच्या खर्चाला सरकार पैसा देतंय, त्या वजीफ्याचं इचारलंस. "गिरदावर येऊन गेला का? निकाल कामून न्हाई? वजीफा न्हाई मिळाला तर नाव कमी व्हईल अन् मला गावाकडं यावं लागंल," असं लिहिलंस. आता ऐक.

गिरदावर आला व्हता. तहसिलीचा माणूस घर बघायला येणार म्हणताच मायच्या अंगात आलं. पहाटेपासून सारवण. पेठेतल्या वीरभद्रप्पांच्या घरून पितळेचे हंडे अन् चांदीचं ताट मागून आणलं, भिंतीला मांडणी लावली. मी म्हणलं, "माय, हे काय करायलीस?" तर म्हणती, "पोरगी देणारे बी घर बघूनच देतात की. सरकार काय येडं हाय? भिकाऱ्याच्या पोराला कोण काय देतंय? अंबू चांगल्या घरचा दिसला पायजे." पुरणपोळीवर तूप असं वाढलं की तुझ्या बारशाला बी वाढलं नसंल. गिरदावरानं चांदीच्या ताटात जेवून ढेकर दिली, घरभर नजर फिरवली अन् लिहून घेऊन गेला.

चूक मायची झाली, असं मी तुला लिहिणार व्हतो. आधीचा एक कागद तसा लिहिला बी व्हता. तो तुझ्या वहिनीनं वाचून घेतला अन् म्हणाली, "निस्तं मायचंच लिहिता व्हय? दारातल्या बैलांचं कोण लिहिणार?"

तर बैलांचं सांगतो. आपला पवळ्या एकटाच हाय, तुला ठावं हाय. दुसरा ग्यानबाचा. आम्ही दोघं एक-एक बैल घालून सावडीनं दोन्ही रानं करतो. त्या दिवशी मी ग्यानबाचा बैल बी आपल्या दारात आणून बांधला. शिंगं घासली, तेल लावलं, पोळ्याच्या झुली काढल्या. देवणी जोडी अशी दिसली की गिरदावर उंबऱ्यातच थांबला. म्हणाला, "वा! दोन्ही तुमचेच?"

मी म्हणलं, "व्हय."

अंबाजी, तो एक शब्द बोलताना मला लई बरं वाटलं. त्यानं तुझं नाव बी काढलं न्हाई. मला "पाटील" म्हणला.

अन् अजून एक. गिरदावर यायच्या आधीच्या पत्रात तू लिहिलं व्हतंस की वजीफा गरिबालाच देतात, घर हाय तसंच दाखवा. ती ओळ माझ्यापुढं आली तवा माय तुझ्या नावानं आधीच डोळे पुसत व्हती. मी ती ओळ वाचलीच न्हाई, खालच्या ओळीवर गेलो. मायला काय ठावं? तिला मी वाचतो तेवढंच तुझं पत्र.

मला वाटायचं, ये की परत. धर तिफण. तुझ्या बी हाताला घट्टे पडू देत, मग बघू निबंध.

आठ-धा दिवसांनी चावडीतून निरोप आला. घर सुखवस्तू, वजीफा नामंजूर. मायनं इचारलं, "ताट चांदीचं व्हतं म्हणून?" मी पवळ्याला वैरण टाकायला उठलो. तिनं ते ताट पदराखाली झाकून वीरभद्रप्पांकडं नेऊन दिलं. तवापासून एकच म्हणायलीय, "मीच माझ्या लेकराच्या पायावर धोंडा टाकला." जेवती न्हाई. देवापुढं बसून स्वतःच्या तोंडात मारून घेती. तुझ्यासाठी न्हाई गेलो मी, अंबाजी. तिचं ते बघवंना म्हणून ग्यानबाला घेऊन आज तहसिलीत गेलो.

कारकून भला व्हता. मी त्याला सांगितलं, भांडी मागून आणलेली, एक बैल ह्या ग्यानबाचा. ग्यानबानं शपथ घेतली, पण माझ्याकडं बघितलं न्हाई. कारकून उर्दूत जबानी लिहीत गेला. मी समोरून उलटं वाचत व्हतो. माझ्या नावापुढं, माझ्या चिखलाच्या पायांकडं बघून, न इचारता त्यानं लिहिलं, 'अनपढ.'

मी बोलणारच व्हतो. दौतीतल्या टाकाकडं हात बी गेला. तेवढ्यात तो म्हणाला, "बरंय की. ज्या घरात कुणी शिकलेलं न्हाई, त्या घरच्या पोराचा अर्ज पयला घेतात. तुमचं काम झालं समजा." अन् शाईची गादी माझ्यापुढं सरकवली.

ग्यानबा माझ्याकडं बघत व्हता. त्याला ठावं हाय, शाळेत माझा हात कसा व्हता.

मी अंगठा दिला.

वाटेत ओढ्यावर वाळूनं घासला, पर डाग जाईना. घरी येऊन मायला सांगितलं, अंबूचं काम व्हतंय. ती उठली अन् भाकरी खाल्ली. मग म्हणाली, "माझा अंबू लई शिकंल." माझ्या अंगठ्याला काय झालं, हे काही तिनं इचारलं न्हाई.

तर शीक. मी खुश हाय असं मातर समजू नको. मी जळतो तुझ्यावर. आज अंगठा देताना बी जळत व्हतो, आता लिहिताना बी जळायलोय. हे पत्र मायला कधी सांगू नको. पण जपून ठेव. उद्या मोठा साहेब झालास अन् कुणी इचारलं की घरात आधी कुणी शिकलेलं व्हतं का, तर हे अक्षर काढून दाखव.

तहसिलीच्या कागदावर माझा अंगठा हाय. इथं नाव लिहितो.

तुझा थोरला भाऊ,
राघोबा निवृत्ती बिराजदार
दस्तुरखुद्द