आपल्याच खुर्चीसाठी अर्ज

सोमवार, ३ मार्च २०२५
ठरलं! शेजारच्या युनिव्हर्सिटीचं आणि आमचं विलीनीकरण. इथे विलायतेत परदेशी मुलं येईनाशी झाली, वर्ग दोन्हीकडे ओस — एकटं कुणीच तगणार नाही. आता जिथे दोन पदं तिथे एक. म्हणून नियम केला: प्रत्येकाने आपल्याच जागेसाठी नव्याने अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. वशिला नाही, अपवाद नाही. मुलाखतीचे प्रश्न मीच लिहिले. शेवटचा माझा लाडका — ‘आपला कुठला निर्णय आज मागे घ्याल?’ माणूस तिथेच कळतो.

बुधवार, ५ मार्च
स्टाफची सभा. चेहरे उतरलेले. लायब्ररीतला धम्मदीप, युनियनचा, उठला. सगळं इंग्रजीत बोलला आणि शेवटी मला टोचायला मराठीत — ‘उल्काताई, कुलगुरूंच्या खुर्चीला चाकं आहेत की खिळे?’
मराठी कळणारे चौघं फिसकन हसले. मी उत्तर इंग्रजीत दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून: मीही अर्ज करणार. टाळ्या!

गुरुवार, ६ मार्च
बोर्डाच्या अध्यक्षबाईंचा फोन. तुम्हाला कशाला मुलाखत, थेट नेमतो. नको म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च
निवेदिता दारात घुटमळत होती. माझी डेप्युटी, नागपूरची, मीच तयार केलेली.
‘ताई, तुमच्या जागेसाठी मी पण अर्ज करू? रागावणार नसाल तर.’
‘रागवायचं काय त्यात? कर. आणि पाल्हाळ लावू नकोस.’
रात्री जेवताना हे ऐकून शशिधर म्हणाले, ‘म्हणजे तूच अक्षत देऊन बोलावलंस तिला!’ म्हटलं, तुम्ही आमटी वाढून घ्या.

सोमवार, २४ मार्च
मुलाखत. छान झाली! शेवटी माझाच प्रश्न माझ्यापुढे. ‘एकही नाही,’ मी म्हटलं.
अध्यक्षबाई म्हणाल्या, हाउन्सलोचे संध्याकाळचे वर्ग बंद केलेत, तोसुद्धा नाही? एअरपोर्टवरची माणसं ड्युटी संपवून, युनिफॉर्मवरच यायची तिथे. स्टॅटिस्टिक्स मीच शिकवायचे. पण ते बंद केले म्हणून बाकीचं टिकलं. म्हटलं, तोसुद्धा नाही.
बसने ईलिंगला घरी आले. झोप चांगली लागेल.

गुरुवार, २७ मार्च
निवेदिताची निवड झाली.

शुक्रवार, २८ मार्च
सकाळीच तिचा फोन. आधी नुसतंच ‘ताई... ताई...’. मग म्हणाली, शेवटच्या प्रश्नाला तिने सांगितलं — ‘हाउन्सलोचे वर्ग. त्या कागदावर माझीही सही आहे. मागे घेईन.’ सप्टेंबरपासून परत सुरू करतेय.
‘स्टॅटिस्टिक्सला तुम्ही याल?’
म्हटलं, आधी जाहिरात काढ. अर्ज करते.